डब्यातलं देवाचं घर

निजामाच्या अमदानीत नरसीच्या बाजारात एक बायस्कोपवाले चाचा यायचे. त्यांच्या डब्यात विलायतेतलं एक जुनं गाव दिसायचं. दोरी ओढली की नदी, पूल, वेस आणि शेवटी आभाळाला टेकलेलं चर्च. त्याआधी मात्र चाचा दोरी धरून थांबायचे. "चपला काढा. देवाचं घर येऊन राहिलं."

लोक निमूट काढायचे.

एका पावसाळ्यात वाळवीनं नेमकं तेच चित्र खाल्लं. चाचा तिथंच थांबले. "कागद वाळवीनं खाल्ला. घर जागेवरच हाय. चपला काढा."

मी काढल्या. भिंगाला डोळा लावला. आत नुसता अंधार. तरी बघत राहिलो.

मागची म्हातारी वहाणा हातात घेऊन वैतागली, "सरक की रं, मलाबी बघू दे!"