पंपरूममागची गोगलगाय

देवाने चिकाटी वाटायला घेतली तेव्हा आमचे भावोजी रांगेत सगळ्यांत पुढे होते, आणि आपला वाटा घेऊन झाल्यावर ते गुपचूप पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले असले पाहिजेत. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मभर एका कॉलेजात त्यांनी प्राणिशास्त्र शिकवलं. बोरीवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाला पाठ लावून उभ्या असलेल्या आमच्या सोसायटीत ते बी विंगमध्ये राहतात आणि मी ए विंगमध्ये, त्यामुळे पळून जायला मला जागा नाही. निवृत्त झाल्यावर माणसं हास्यक्लबात जातात, गुडघ्यांची औषधं एकमेकांना सुचवतात, फार तर सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. भावोजींनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी आमच्या पंपरूममागच्या कंपाउंड भिंतीवर मसुराच्या दाण्याएवढी एक गोगलगाय पाहिली आणि वर्षभर तिच्या मागे लागून, ही जात आजवर जगात कोणी नोंदवलेली नाही, असं जाहीर केलं. जाहीर केलं म्हणजे ताईला सांगितलं. ताई म्हणाली, "बरं. येताना कोथिंबीर आणा."

आता नवी जात सापडली म्हणजे ती जगाला कळवायला हवी, आणि जग म्हणजे परदेशातून निघणारं प्राणिशास्त्राचं एक जर्नल. त्या जर्नलने लेखकांसाठी सूचना काढलेल्या आहेत. भावोजींनी त्या छापून फ्रिजच्या दारावर चिकटवल्या. ताईची वाणसामानाची यादी तिथून उठून मिक्सरखाली गेली. सत्यनारायणाच्या पूजेत सुपारी कुठे आणि कलश कुठे याबद्दल गुरुजी काटेकोर नसतील इतके भावोजी त्या सूचनांबद्दल काटेकोर झाले. आकृतीत मोजमापाची रेघ हवीच, अशी त्यात एक अट होती. ती त्यांच्या अंगात इतकी भिनली की माझ्या मुलीच्या साखरपुड्यात ग्रुप फोटो काढताना त्यांनी एका टोकाला उभ्या असलेल्या माझ्या मेहुण्याच्या, म्हणजे बायकोच्या भावाच्या, हातात फूटपट्टी दिली. होणाऱ्या व्याह्यांनी हे काय म्हणून विचारलं, तेव्हा भावोजी शांतपणे म्हणाले, "फूटपट्टीशिवाय फोटो म्हणजे अफवा." तो फोटो आजही माझ्या भिंतीवर आहे आणि मेहुणा त्यात शाळा तपासायला आल्यासारखा दिसतो.

मी एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे हस्तलिखितातल्या चुकाबिका काढायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. मला वाटलं होतं, दोन दुपारी आणि ताईच्या हातचा चहा. पण भावोजींनी विशेषणांशी वैर धरलं होतं. 'सुंदर' काढा, 'अत्यंत' काढा, 'लहान' काढा, मिलिमीटर लिहा. शिवाय कुठल्याही नव्या जीवाचं वर्णन करताना तो आपल्या भाऊबंदांपासून कुठे वेगळा आहे ते लिहावं लागतं, ही सवय त्यांनी घरातही आणली. सोलकढी कशी झाली, असं ताईने विचारलं तर म्हणत, "फिकट गुलाबी, अपारदर्शक. मागच्या रविवारच्या कढीपासून आंबटपणात भिन्न." माझ्या जावयाची पहिली भेट झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मुलगा चांगला आहे. आपल्या थोरल्या भावापासून तो कान आणि विनय या दोन बाबतींत वेगळा आहे." पुढे संसार सुरू झाल्यावर दोन्ही बाबी खऱ्या निघाल्या.

निबंध पाठवला. काही महिन्यांनी परीक्षकांची मतं आली. त्यांना उत्तर देताना प्रत्येक मुद्द्याची सुरुवात आभार मानून करायची रीत असते, परीक्षकाने तुम्हाला गाढव ठरवलं असलं तरी. भावोजी इतके दिवस आभार मानत बसले की ताईने कचऱ्याचा डबा खाली ठेवायला सांगितला तरी ते म्हणायचे, "सूचनेबद्दल आभारी आहे. तथापि." पण एका परीक्षकाचा एक मुद्दा आभार मानून मिटणारा नव्हता. त्याचं म्हणणं असं की नुसत्या शंखांवर आम्ही विश्वास ठेवणार नाही, दुरून एकसारखे दिसणारे शंख ढीगभर असतात. गोगलगायीच्या आतली रचना उघडून दाखवा, तरच नवी जात मानू. मुदत दिवाळीपर्यंत.

म्हणजे एक तरी गोगलगाय मारायला हवी होती, आणि भावोजी ती मारायला तयार नव्हते. ज्या माणसाने मुलांच्या पिढ्यांना बेडूक आणि झुरळं चिरायला शिकवलं, तो म्हणत होता, "नोकरीत मारले ते पुरे. आता पगार नाही." हे संभाषण रविवारी दुपारी चाललं होतं आणि समोर ताईने केलेलं तिसऱ्यांचं सुकं होतं. आम्ही दोघेही मालवणकडचे, तेव्हा तिसऱ्यांसमोर आमचा आवाज खाली येतो. तरी मी न राहवून म्हणालो, "भावोजी, या तिसऱ्या म्हणजे तुमच्या गोगलगायीची भावकीच ना? मघापासून शिंपल्यांचा डोंगर केलाय तुम्ही."

भावोजींनी एक शिंपला चोखून बाजूला ठेवला. "या बाजारातून आल्या. त्यांच्याशी माझी ओळख नव्हती."

त्यांनी मार्ग काढला तो असा, की कधीतरी एखादी गोगलगाय आपल्या मरणाने मरेलच, तेव्हा आपण तिथे हजर असायचं. त्या दिवसापासून सदऱ्याच्या खिशात स्पिरिटची बाटली, हातात टॉर्च आणि भिंग घेऊन भावोजी रोज उजाडताना पंपरूममागे जाऊ लागले. पण मुंग्या त्यांच्याहून लवकर उठत. भावोजी पोचेपर्यंत शंख रिकामा. एकदा सोसायटीच्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसला. ग्रुपवर मेसेज फिरले, सगळ्यांनी दारं लावून घेतली, आणि वॉचमन केबिनमध्ये कोंडून घेऊन शिट्टी वाजवत राहिला. बिबट्या गेल्यावर सेक्रेटरींनी कॅमेरा पुन्हा पाहिला तर भिंतीच्या एका टोकाला बिबट्या होता आणि दुसऱ्या टोकाला उकिडवे बसलेले भावोजी. ताई रागाने लाल झाली. "अहो, दिसला नाही तो तुम्हाला?" भावोजी म्हणाले, "दिसला. त्याची नोंद झालेली आहे."

आमचे सेक्रेटरी तळमजल्यावरचे गुजराती गृहस्थ, फार सज्जन. पंपाची एक गळती वर्षानुवर्षं त्या भिंतीवर ओल धरून होती आणि त्या ओलीवर शेवाळ, शेवाळावर गोगलगायी. सेक्रेटरी प्लंबर बोलवायला निघाले की भावोजी आडवे येत. शेवटी दिवाळीच्या तोंडावर कंपाउंड भिंतीची डागडुजी आणि रंग करायचं ठरलं, तेव्हा भावोजी मीटिंगमध्ये उभे राहिले आणि गोगलगायीवर असं बोलले की ग्रुपवर एरवी पार्किंगवरून एकमेकांची उणीदुणी काढणारी माणसंही गप्प बसली. "ओके सर," सेक्रेटरी म्हणाले. "तुमचा पीस सोडून देऊ ना. टेन्शन नाय घ्यायचा."

शास्त्राची शिस्त अशी की अभ्यासाचा तुकडा आखून घ्यावा. भावोजींनी पांढऱ्या खडूने भिंतीच्या त्या भागावर एक ठसठशीत चौकोन काढला, कोपऱ्यांत आकडे घातले आणि निश्चिंत मनाने शहरात गेले. ज्या शंखांवरून वर्णन केलं ते एखाद्या संग्रहालयात ठेवावे लागतात, ते जमा करायला. इकडे सकाळी कामगार आले. इमारतीची दुरुस्ती ज्याने पाहिली आहे त्याला पुढचं सांगायला नको. पोकळ झालेला गिलावा ठोकून पाहतात, जिथे बद्द आवाज येतो तिथे खडूने चौकोन काढतात, आणि तेवढा भाग फोडून नवं सिमेंट लावतात. अख्ख्या भिंतीवर खडूचा चौकोन एकच होता. त्यांनी कामाची सुरुवात तिथूनच केली.

दुपारी भावोजी परतले तेव्हा त्या जागी ओलं, गुळगुळीत, करडं सिमेंट होतं. सेक्रेटरी घाम पुसत उभे होते. "सर, मी सांगितला होता हां त्यांना. पण ते बोलले मार्किंग तर इथेच आहे." भावोजींनी कोणालाही शब्दाने दुखावलं नाही. त्यांनी खिशातून खडूचा उरलेला तुकडा काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवला. मग विचारलं, "माती कुठे टाकली?"

फोडलेला गिलावा गोण्यांत भरून गेटपाशी ठेवला होता. त्या गोण्या भावोजींनी आवारात ओतल्या आणि खाली बसले. ताई चाळणी घेऊन आली. मीही बसलो. थोड्या वेळाने सेक्रेटरी मांडी घालून शेजारी बसले आणि त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. आम्ही मुठीमुठीने चुरा चिवडत होतो. ज्या जिवंत सापडल्या त्या ताईने ओल्या फडक्यात ठेवल्या. त्या फार नव्हत्या. मेलेल्या मात्र पुष्कळ होत्या, ताज्या, अंगासकट, मुंग्या पोचण्याआधीच्या. इतके महिने ज्याची वाट पाहिली ते असं ढिगाने समोर आलं होतं. भावोजी एकेक उचलून बाटलीत सोडत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते त्यांनी पुसलं नाही, कारण हात मातीचे होते. मला तेव्हा फार वाईट वाटलं. त्या माणसाची मी वर्षभर केलेली सगळी थट्टा मला नकोशी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाल्कनीतल्या टेबलाशी बसले. मी म्हटलं, "भावोजी, दोन दिवस थांबा." ते म्हणाले, "थांबलो तर त्या उगाच मेल्या असं होईल." आणि कामाला लागले. बारीक सुयांनी त्यांनी मसुराएवढा तो जीव उलगडला, आकृत्या काढल्या, मोजमापाची रेघ घातली. आतली रचना खरोखरच वेगळी निघाली. दिवाळीच्या आत निबंध पुन्हा रवाना झाला. मात्र पाठवण्यापूर्वी आमचा एक वाद झाला. गोगलगाय कुठे सापडली हे लिहून त्यांनी खाली वाक्य घातलं होतं: भिंतीचा हा भाग लेखकाने केलेल्या खडूच्या खुणेमुळे फोडला गेला. मी म्हटलं, नुसतं 'आता अस्तित्वात नाही' एवढं पुरे. ते म्हणाले, "कारण माहीत असून लिहायचं नाही, हे मी मुलांना कधी शिकवलं नाही." वाक्य राहिलं. जर्नलनेही ते जसंच्या तसं छापलं, आणि गोगलगायीच्या लॅटिन नावात बोरीवलीही छापून आली.

स्वीकृतीची मेल आली त्या रविवारी ताईने हौसेने तिसऱ्या आणल्या. भावोजी शास्त्रात इंग्रजी बोलतात, सोसायटीत मराठी, आणि अगदी आतून काही आलं तर मालवणी. त्यांनी वाटी हलकेच माझ्याकडे सरकवली. "माका नको गो," ते ताईला म्हणाले. "आता वळख झाली." आणि वरणभात कालवला. ताईने पुन्हा आग्रह केला नाही. माझ्याही वाटीतल्या तिसऱ्या त्या दिवशी बऱ्याच उरल्या.

वाचलेल्या गोगलगायी आम्ही त्याच भिंतीवर, सिमेंटच्या कडेला, जुन्या गिलाव्याच्या एका पट्टीवर सोडल्या आहेत. भावोजी अजून रोज उजाडताना जातात. स्पिरिटची बाटली आता बरोबर नसते, मी असतो. पट्टीवर कधी एखादी दिसते, कधी कोणीच दिसत नाही. सेक्रेटरी परवा भेटले तेव्हा इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "सर, ते लीकेज मी रिपेर नाय केला. मीटिंगमध्ये बोलू नका." भावोजींनी त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. त्या गळतीचा ओघळ आता नव्या सिमेंटवरून उतरतो आणि खालच्या कोपऱ्यात किंचित हिरवट छटा दिसते, की मलाच तसं वाटतं, सांगता येत नाही. भावोजी भिंग लावून पाहतात, माझ्या हातात फूटपट्टी देतात, आणि मी ती भिंतीला लावून फोटो होईपर्यंत तशीच धरून उभा राहतो.