तिसरा रकाना

मेथी आज सकाळीच उपटली आहे, असे भाजीवालीने सांगितले की सर विचारीत, ‘‘कशावरून?’’ नाशिकच्या गंगापूर रोडवर बसणारी ती बाई त्यांना ओळखून होती. एकदा ती म्हणाली, ‘‘बाबा, आता मेथीचा जन्मदाखला काढून ठिवू का?’’ त्यांनी मुळांची टोके नखाने खरवडून पाहिली, ‘‘काल दुपारची आहे. द्या दोन जुड्या,’’ असे म्हणून पिशवी पुढे केली आणि माझ्याकडे वळून खुलासा केला, ‘‘मेथीबद्दल माझी तक्रार नाही. विधानाबद्दल आहे.’’

आमच्या महाविद्यालयात ते प्राणिशास्त्र शिकवीत, मी रसायनशास्त्र. मुलांनी त्यांचे नाव ‘कशावरून सर’ पाडले होते आणि ते त्यांना ठाऊक होते. मी त्यांच्या शेजारच्या प्रयोगशाळेत सोळा वर्षे काढली. त्यांच्याशी मैत्री झाली असे मी म्हणणार नाही. त्यांनी ते विधानही तपासून घेतले असते.

त्यांचा स्वतःचा एक जुना पितळी सूक्ष्मदर्शक होता. ऑगस्ट-सप्टेंबरात दिंडोरी-निफाडकडचे द्राक्षबागायतदार काड्यांच्या मोळ्या बांधून त्यांच्याकडे येत. ऑक्टोबरच्या छाटणीपूर्वी काडीवरच्या कोणत्या डोळ्यात, म्हणजे न फुटलेल्या कोंबात, घड आहे हे कळले, तर काडी कुठे कापायची ते ठरते. सर ब्लेडने डोळा उभा चिरीत, भिंगाखाली धरीत आणि वहीत नोंद करीत. वहीला तीन रकाने होते. पहिला तारखेचा, दुसरा निरीक्षणाचा. तिसऱ्याचे शीर्षक होते ‘अन्य कारण’. जे दिसले ते आपल्याला वाटते त्याहून वेगळ्या कशामुळे दिसले असेल, ते तिथे लिहायचे. हा रकाना ते कधीही कोरा सोडीत नसत.

एका वर्षी ढगाळ हवामानात दिंडोरीच्या एका बागायतदाराचे घड न वाढताच जिरले. तो तणतणत आला. ‘‘सर, तुम्हीच बोलले व्हते, चौथ्या डोळ्यात घड हाय.’’

‘‘होता. डोळ्यात घड आहे असे मी म्हटले. हातात येईल असे कुठे म्हटले?’’

‘‘मग तुमच्याकडं येऊन काय उपेग?’’

‘‘कुठे कापायचे ते कळले. पुढचे हवेला विचारा.’’

माणूस रागावून गेला आणि पुढच्या ऑगस्टात पुन्हा काड्या घेऊन आला. सर मोबदला घेत नसत. फेब्रुवारीत मात्र लुनावरून प्रत्येक बागेत जाऊन घड मोजून येत. स्वतःच्या नोंदीवरही त्यांचा विश्वास नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एक बातमी आली. प्रौढ माणसाच्या मेंदूतही नव्या चेतापेशी तयार होतात, असे परदेशातील संशोधकांनी दाखवले होते. सरांनी पंचवीस वर्षे नेमके उलटे शिकवले होते. त्यांनी शोधनिबंधाची प्रत पुण्याहून मागवली आणि स्टाफरूममध्ये महिनाभर तिच्याशी भांडत बसले. कर्करोगाच्या काही रुग्णांना उपचाराच्या काळात एक खूण लावणारे द्रव्य टोचले होते. जी पेशी विभागते ती ते उचलते. मृत्यूनंतर स्मृतीशी संबंधित भागात खूण झालेल्या चेतापेशी सापडल्या. ‘‘दुरुस्त होणारी पेशीदेखील ती खूण उचलू शकते. मरू घातलेलीही,’’ सर म्हणाले. ‘‘हे त्यांनी कसे वगळले ते मला आधी पाहू द्या.’’

पाहायला त्यांना जवळजवळ तीन वर्षे लागली. मग एके दिवशी त्यांनी पोस्टकार्डांचा गठ्ठा आणला आणि ज्यांचे पत्ते मिळाले त्या प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याला एकच मजकूर लिहिला: ‘‘प्रौढ मेंदूत नवी चेतापेशी तयार होत नाही, असे मी वर्गात सांगितले होते. ते विधान आता तसेच ठेवता येत नाही. वहीत दुरुस्ती करावी.’’ मी म्हणालो, एवढ्या वर्षांनी वह्या कुणाकडे असतील? त्यांनी विचारले, ‘‘नसतील, कशावरून?’’

नवी पेशी कशी होते, ते त्यांनी मला द्राक्षाच्या काडीवर समजावले. मेंदूच्या त्या भागात काही मूलपेशी झोपलेल्या डोळ्यांसारख्या असतात. एखादी जागी होते, विभागते. तिची लेक थोडी सरकते, फांद्या काढते, शेजारणींशी जोडणी करू पाहते. बहुतेक लेकी काही आठवड्यांत जिरतात. ज्यांना काम मिळते, काही नवे शिकण्यात ज्या गुंततात, त्यांतल्या काही टिकतात. ‘‘निदान उंदरांत तरी असे दिसते,’’ एवढे जोडून त्यांनी काडी केराच्या टोपलीत टाकली.

आम्ही दोघे निवृत्त झालो, त्यानंतर माझ्या पत्नीला मेंदूज्वर झाला. नोकरीभर ती सटाण्यात शिक्षिका होती आणि मी नाशिकला खोली घेऊन राहत होतो. रविवारी घरी जात असे. ती जगली. मात्र आजारानंतरचे काहीही तिच्यापाशी थांबेना. माहेरची विहीर आठवे, सकाळचा चहा आठवत नसे. मी तिला नाशिकला आणले. दारावर कुणी आले की ती माहेरच्या बोलीत विचारी, ‘‘कोन शे?’’ आणि दहा मिनिटांनी त्याच माणसाला पुन्हा विचारी.

त्या सुमारास शहरात एक दवाखाना निघाला. मूलपेशींची इंजेक्शने देऊन मेंदूत नव्या पेशी उगवतात, असे त्यांच्या पत्रकात छापले होते. मी तारीख घेतली. सर न बोलावता बरोबर आले.

डॉक्टर तरुण होता. त्याने मेंदूचे रंगीत चित्र दाखवले आणि सांगितले की बहुतेकांना गुण येतो.

‘‘कशावरून?’’ सरांनी विचारले.

‘‘नातेवाईक स्वतः सांगतात. आजोबा, तुम्ही पेशंटचे कोण?’’

‘‘शेजारी. टोचलेली पेशी मेंदूत पोचते, कशावरून? पोचली तर जोडली जाते, कशावरून?’’

‘‘मेंदूत नव्या पेशी होतात हे सिद्ध झालंय, आजोबा. जुनी पुस्तकं विसरा.’’

‘‘विसरलो. पोस्टकार्डे टाकून विसरलो. त्या तिथल्या तिथे होतात. तुम्ही बाहेरून काय घालता ते विचारतोय. एक थेंब द्या, माझ्याकडे सूक्ष्मदर्शक आहे.’’

डॉक्टरने थेंब दिला नाही. फाईल मिटली आणि तो मला म्हणाला, विश्वास नसेल तर उपचार घेऊ नयेत. आम्ही बाहेर पडलो. जिन्यात पत्नीने सरांकडे बोट करून विचारले, ‘‘कोन शे?’’ मी तिचा हात धरून पायऱ्या उतरू लागलो.

चार महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. माझा संशय असा होता की या माणसाला पत्नीचे काहीच नाही, आपला प्रश्न बरोबर ठरण्याशीच मतलब आहे. तो दवाखाना वर्षभरात बंद झाला. गुण आलेला एकही रुग्ण मला भेटला नाही. पण तेव्हा मला हे ठाऊक नव्हते, आणि सरांनाही नव्हते. त्यांनी फक्त विचारले होते.

मग एके दिवशी दुपारी चार वाजता ते आले. मी दार उघडले आणि बाजूला झालो. आमच्याकडे पश्चिमेच्या खिडकीपाशी एक वेताची खुर्ची असे. ऊन डोळ्यांवर येते म्हणून त्यांनी ती उचलून कॅलेंडरखाली ठेवली, बसले आणि पत्नीला म्हणाले, ‘‘वहिनी, मी प्राणिशास्त्र शिकवीत असे. आज आपण एक नवा पक्षी शिकू.’’ त्यांनी पोपटी रंगाच्या वेड्या राघूचे चित्र काढले. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा आले, खुर्ची हलवली, तीच ओळख करून दिली, तोच पक्षी शिकवला. असे दोन वर्षे. रोज संध्याकाळी मी खुर्ची खिडकीपाशी परत ठेवीत असे, कारण तिची जागा ती होती. खिडकीत त्यांची वही असे. वहीला तीन रकाने होते.

एकदा त्यांनी नेहमीप्रमाणे सांगितले, ‘‘मी प्राणिशास्त्र शिकवीत असे,’’ आणि पत्नी म्हणाली, ‘‘कशावरून?’’

मी हातातला कप खाली ठेवला. सरांनी आधी मला विचारले, ‘‘माझे हे नाव तुम्ही सटाण्याला कधी काढले होते?’’

‘‘दर रविवारी,’’ मी म्हणालो.

‘‘मग हे जुने असू शकते.’’ त्यांनी तसे तिसऱ्या रकान्यात लिहिले. लिहिताना त्यांचा चष्मा घसरला आणि तो वर करायला त्यांनी बराच वेळ लावला.

त्या हिवाळ्यात ते गेले. एक दिवस रुग्णालयात होते. मी पत्नीला सांगितले. तिने हळहळून विचारले, ‘‘कोन?’’ दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सांगितले नाही.

दोन आठवड्यांनी मी आतल्या खोलीत वाचत होतो. चार वाजायला आले होते. बाहेर वेत घासल्याचा आवाज झाला. जाऊन पाहिले, तर पत्नी खुर्ची ओढीत होती. तिने ती कॅलेंडरखाली नेली, पाठ भिंतीला लावली आणि आपल्या जागी जाऊन बसली. मी विचारले, हे कशासाठी? ती म्हणाली, ‘‘ऊन लागतं.’’ कुणाला, ते तिला सांगता आले नाही.

खुर्चीबद्दल सटाण्यात मी कधी काही सांगितले नव्हते. तेव्हा ही खुर्चीच नव्हती. मी वही काढली. तारीख लिहिली, निरीक्षण लिहिले. तिसऱ्या रकान्यात सरांनी काय लिहिले असते, ते मला माहीत आहे. ‘सवय. सवयीची जागा मेंदूत वेगळी असते. नव्या पेशीचा पुरावा नव्हे.’ त्यांचे बरोबर असते.

मी पेनाला टोपण लावले आणि रकाना कोरा सोडला. त्या संध्याकाळी खुर्ची परत खिडकीपाशी नेली नाही. आता तिची जागा कॅलेंडरखाली आहे.