वैशाखऱ्याच्या माळावर उतरलेलं विमान

सुमतीने माझं प्रेमपत्र न फोडता परत पाठवलं, त्या दुपारी माझं सगळं बदललं. कॉलेज मी आधीच, इंटरच्या वर्षात, प्रोफेसरांशी भांडून सोडलं होतं. पण त्या दुपारनंतर शहापुरात घरी बसणंही जमेना. लोकल बोर्डात ओव्हरसिअर असलेले माझे धोंडूकाका म्हणाले, "चल वैशाखऱ्याला. विमान उतरायचंय. माळावर चुन्याचं वर्तुळ आखायला माणूस हवा."

विमान, आणि आमच्या शेजारच्या मुरबाड तालुक्यात! मी पिशवी भरली.

घाटावर जाणाऱ्या विमानाचं इंजिन वाटेत बिघडलं तर उतरायला मैदान हवं होतं. मुंबईच्या विमानतळाने सामान द्यायचं, बोर्डाने रस्ता आणि राखणदार, गावाने गायरान. पण आधी वैमानिक एकदा उतरून बघणार. तो न उतरताच परत गेला तर मैदान दुसऱ्या जिल्ह्यात जाणार. विमान उतरेलच, असा काकांनी बोर्डाच्या भर सभेत शब्द दिला होता.

जाणाऱ्यांसाठी वाट सांगतो. शहापूरहून किन्हवलीपर्यंत बैलगाडी. गाडीवान रुपया मागतो, बारा आण्यांत येतो. किन्हवलीला मुक्काम करा आणि नाचणीची भाकरी भाजलेल्या बोंबलाबरोबर खा. मी चार खाल्ल्या. प्रेमभंगात भूक मरते म्हणतात, ते खोटं आहे. दुसऱ्या दिवशी काळू नदी गुडघाभर पाण्यातून ओलांडून सरळगाव गाठायचं. तिथून टोकावड्याची मोटर मिळते, पण भरल्याशिवाय हलत नाही. आमची भरायला दोन तास लागले. शेवटी ड्रायव्हरने एका म्हाताऱ्याला त्याच्या बोकडासकट आत घेतलं, तेव्हा सुटली. टोकावड्याहून पुढे पायी.

वैशाखऱ्याचा माळ बघितला आणि छाती भरून आली. मागे सह्याद्रीची भिंत, पुढे सपाट जमीन. गावाने आठ दिवस राबून एकेक दगड उचलला होता, आणि मजुरी मागितली नव्हती. "इमान आमच्या दारात येतंय, त्याची मजुरी कसली?" पाटील म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मला दोन कामं दिली. विमानतळाकडून आलेली लांब कापडी पिशवी उंच बांबूवर लावायची. ती वाऱ्याने फुगते, आणि वारा कुठून आहे ते वैमानिकाला वरून कळतं. दुसरं, माळाभोवती कुणाला राब पेटवू द्यायचा नाही. भाताचं रोप टाकायच्या जागी पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून भाजतात, तो राब. चैत्रात इथे सगळीकडे तोच धूर असतो, आणि त्यात वरून माळ दिसला नसता.

पिशवी मी पोरांच्या हातात दिली, "बांधा रे वर" म्हटलं, आणि राब अडवायला धावलो. माळाच्या कडेला, आपल्या शेतात, पारूबाई नावाची गावातली बाई राब पेटवायला काडी ओढणारच होती.

"ओढू नको ती!" मी ओरडलो.

"वरडतोस का रं? माझा राब, माझी जमीन."

"आज विमान येणार आहे. अक्कल आहे का?"

"अक्कल तुझी तू ठेव. शिकून तरी आलास का पुरा?"

कुणी सांगितलं होतं तिला कोण जाणे. मी तिच्या हातातली काडीपेटी हिसकावून घेतली.

तेवढ्यात घरघर आली. विमान घिरट्या घालू लागलं. एक झाली, दोन झाल्या, तरी ते खाली येईना. मी बांबूकडे पाहिलं. पिशवीची नीट घडी करून, कडुलिंबाचा डहाळा लावून, वर तांब्या पालथा घातला होता. हूं की चूं न करता ती लोंबत होती.

"गुढीवाणी बांधली, दादा!" पोरं हसत म्हणाली. "पाव्हना वरून येतोय ना!"

बांबू खोल पुरलेला. उपटायला वेळ नव्हता. तिसरी घिरटी मुंबईच्या दिशेने लांबत चालली. काका डोकं धरून खाली बसले.

पारूबाईने माझ्यासमोर हात पसरला. "दे काडीपेटी. वारा धुराला इचार, चिंधीला काय इचारतोस?"

मी दिली. राब पेटला. पांढरा धूर उठला आणि घाटाकडे वाकला. विमान वळलं, धुराला सामोरं होत खाली आलं, आणि दोन उड्या घेऊन चुन्याच्या वर्तुळापाशी थांबलं. गाव धावलं. मीही धावलो, रडत होतो बहुतेक.

वैमानिकाने पहिला प्रश्न विचारला, "तो धूर कुणाचा?"

"माझा हाय," पारूबाई म्हणाली. "आनि चैत्रात रोज आसनार. तुमी सवय करा."

मैदानाच्या कागदावर तिची ही अट खरंच लिहिली गेली. मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. राखणदाराच्या जागेसाठी काकांनी माझं नाव दिलं, तर पारूबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे त्याला. चुकतो, पन मानतो."

घरी परतलो. चार दिवसांतलं काय उरलं म्हणाल, तर एवढंच: तो माळ आमचा आहे, आणि मुंबईचं विमान आमच्या भरवशावर घाट चढतं.

"जूनला कॉलेजात नाव घाल," वडील जेवताना म्हणाले.

"मी वैशाखऱ्याला राहणार. राखणदार म्हणून."

"गुरं राखणारे कमी होते, की आता माळ राखणार?"

एरवी मी ताट भिरकावलं असतं. आज म्हटलं, "अण्णा, तुम्ही एकदा बघायला या." त्यांच्या पाया पडलो, पिशवी उचलली, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.