अप्पा झोपलेत

आमच्याकडं एक रीत आहे. ती ज्यानं कुणी पाडली, त्याला एकदा गाठून चार शब्द सुनवायचेत मला. घरातलं लेकरू बाहेरगावी शिकत असलं की वाईट बातमी त्याला परीक्षा होईस्तोवर सांगायची नाही. घरातलं माणूस गेलं तरी नाही. "त्याचं वर्ष वाया जाईल," म्हणायचं आणि सगळ्या घरानं मिळून खोटं बोलायचं.

मीही बोललेय. आजोबा गेले तेव्हा माझा चुलतभाऊ पुण्यात शेवटच्या वर्षाचे पेपर देत होता. अकरा दिवस त्याचा फोन मीच घेतला, कारण घरात माझाच आवाज कापत नव्हता. आधी सांगितलं, आजोबा पडेगावला लग्नाला गेलेत. मग सांगितलं, झोपलेत. फोन घ्यायच्या आधी टीव्ही बंद करायचे, कुणी रडत असलं तर त्याला बाहेर पाठवायचे. शेवटचा पेपर देऊन तो आला, तर भिंतीवर हार घातलेला फोटो. "किती सफाईनं बोललीस गं," एवढंच म्हणाला. नंतर महिनाभर माझ्याशी अवाक्षर नाही.

तीन वर्षांनी मी आयर्लंडला इंग्रजी शिकायला गेले. बारा आठवड्यांची भाषाशाळा, शेवटी परीक्षा, आणि ती पास झाले तर तिथंच नर्सिंगला जायची वाट मोकळी. खरी हौस अप्पांची, माझ्या वडलांची. औरंगपुऱ्यात त्यांचं शिलाईचं दुकान. सगळा जन्म कात्री चालवण्यात गेलेला, इंग्रजी म्हणाल तर 'यस' आणि 'नो'. दर रविवारी मी फोन केला की म्हणायचे, "मराठीत नको. इंग्रजीत बोल, मला ऐकायचंय." मग मी वर्गाचं, पावसाचं, घरमालकिणीच्या बेचव भाजीचं काहीबाही अडखळत सांगायचे. एक अक्षर कळायचं नाही, तरी मधूनमधून "यस, यस" चालायचं. शेवटी म्हणायचे, "संपलं? लई भारी!"

पाचव्या रविवारी फोन आईनं घेतला. "अप्पा दुकानात गेलेत. लग्नसराई हाय ना." पटलं मला.

सहाव्या रविवारी म्हणाली, "झोपलेत." मागं ना टीव्हीचा आवाज, ना फोडणीचा. घर कसं चिडीचूप. ती चिडीचूप मला चांगली ओळखीची होती, मीच ती अकरा दिवस सांभाळली होती.

सातव्या रविवारी शेजारच्या चाची बोलल्या. एरवी फोनवर आल्या की मला फाडून खाणार, "हमको भूल गई क्या गे" म्हणून. त्या दिवशी मात्र नुसत्या गोड. "बेटा, तू बस पढाई कर. इधर सब खैरियत है." मी म्हटलं, आईला द्या, व्हिडिओ लावा. मला बाकी काही नको होतं, फक्त आईचं कपाळ बघायचं होतं. कुंकू आहे की नाही, एवढंच. आई म्हणाली, "कॅमेरा बिघडलाय."

मग मी चुलतभावाला फोन लावला. म्हटलं, तू तरी खरं सांग, तुझ्या पाया पडते. "आधी पेपर दे," म्हणाला आणि फोन ठेवून दिला. त्या दिवसापासून मी वर्गात बसून मनात दिवस मोजायचे. आज दहावा असेल. आज तेरावा झाला असेल. बाई फळ्यावर काय लिहीत होत्या, देव जाणे. गोड मी तोंडात घेईना. आंघोळ करताना नळ मोठा सोडायचे आणि रडायचे.

नवव्या रविवारी आई म्हणाली, "अप्पा नाहीत, तरी तू इंग्रजीत बोल. सवय मोडू नको. मी ऐकते."

माझं डोकंच फिरलं. तिला इंग्रजी कळत नाही, तेव्हा मी तिला इंग्रजीत सगळं ऐकवलं. माझे वडील मेलेत, हे मला माहीत आहे. तुम्ही सगळे खोटारडे आहात आणि तुमच्यात मी पहिली. त्यांचं तोंडसुद्धा मला बघू दिलं नाहीत. कसली परीक्षा आणि कसलं काय, मला घरी यायचंय. रडत होते, पण शब्द एकदाही अडला नाही. पलीकडं कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. शेवटी आई म्हणाली, "छान बोललीस," आणि फोन बंद झाला.

परीक्षा दिली. कशी दिली ते विचारू नका. विमानतळावरून रिक्षानं घरी येईपर्यंत मी डोळे मिटूनच बसले होते. दारात आई उभी होती. वर बघायची हिंमत होईना. तिच्या पायांकडं बघितलं, पदराकडं बघितलं, मग कपाळाकडं.

कुंकू होतं. मी तिथंच उंबऱ्यावर मटकन बसले.

अप्पा आत खाटेवर होते. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. पाचव्या आठवड्यात झटका आला होता. वाचा गेली होती.

"फोन दर वेळी त्यांच्याच कानाशी धरायचे मी," आई म्हणाली. "तुझा आवाज ऐकल्याबिगर जेवायचे नाय. आन् एकदा तू लई वेळ बोललीस बघ, कुठं थांबली नाय का अडखळली नाय. त्या दिवशी डावा हात वर करून मला दाखवीत होते, बघ म्हणून, पोरगी कशी बोलती."

मला ते सगळे शब्द एकेक करून आठवले. अप्पांनी डाव्या हाताचं बोट उचललं आणि स्वतःच्या कानाला लावलं. बोल.

मी इंग्रजीतच त्यांची माफी मागितली. त्यांना वाटलं, शाळेतलं काहीतरी सांगतेय. ते हसले, जेवढं तोंड हलत होतं तेवढ्यानं.