घाटावरची बाई आणि खुंटीवरची स्टिक

आमच्या पायरीवरचे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. संध्याकाळी पाचला जाऊन बसावं. एक जण कालचा सांगतो, दुसरा तो दुरुस्त करतो, आणि आपण उठेपर्यंत आजचा तयार झालेला असतो. गेलं वर्षभर मात्र पायरीवर दुसरा विषयच नव्हता. सगळे किस्से एकाच बाईंचे! म्हटलं, लिहून ठेवावेत. नाहीतर दुरुस्त होता होता ओळखू यायचे नाहीत.

पायरी म्हणजे आमच्या हॉकी क्लबची प्रेक्षक गॅलरी. मिरजोळ्याच्या बाजूला कातळावर मैदान आहे, त्याच्या एका अंगाला चिऱ्यांच्या चार पायऱ्या. तिथे रोज बसणारे पाच-सात जण, त्यात मुख्य तिघं. दाऊदचाचा, आयुष्यभर बोटीवर नोकरी केलेले, एके काळचे क्लबचे गोलकीपर. सुशीलाताई, सकाळी मासे विकून संध्याकाळी लेकीचा खेळ बघायला येणाऱ्या. आणि बंड्या, ज्याची रिक्षा स्टँडपेक्षा मैदानावरच जास्त उभी असते. शिवाय मी. बारा वर्षं लांब उत्तरेकडे शिकून, रत्नागिरीत हॉकीची क्रांती करायचीच असं ठरवून परत आलेली.

क्लबचे मुलगे मोठे झाले की बोटीवर जातात, नाहीतर गल्फला. मैदानावर राहिल्या मुली. त्यांना शिकवायला सेक्रेटरींनी सांगलीकडच्या शुभांगी मॅडमना आणलं. मॅडम तिकडच्या शाळेतून एक वर्षाची रजा काढून आल्या. आणि वर्षानंतर?

"वर्षानंतर पायरी ठरवेल," सेक्रेटरी म्हणाले.

पायरी ठरवेल म्हणजे दाऊदचाचा ठरवणार. आणि मॅडमना नाही ठेवलं तर मुलींची हॉकी बंद, कारण दुसरं कुणी यायला तयारच नव्हतं.

*

क्लबच्या खोलीत भिंतीवर ओळीने लाकडी खुंट्या आहेत. बोटीवर किंवा गल्फला जाणारा आपली स्टिक खुंटीला लावून जातो. तो परत येईपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. सुट्टीवर आला की पहिल्या संध्याकाळी आधी मैदान, मग नातेवाईक! स्टिक खुंटीवर आहे म्हणजे माणूस येणार आहे.

हे मॅडमना कुणी सांगितलंच नाही. आम्हाला वाटलं, एवढं जगाला माहीत असतं!

दुसऱ्याच दिवशी आम्ही येऊन बघतो तर मुली मैदानावर, आणि हातात खुंटीवरच्या स्टिका. सुशीलाताईंच्या तेजलच्या हातात तर इम्रानची! इम्रान म्हणजे दाऊदचाचांचा मुलगा. अकरा वर्षांपूर्वी मस्कतला गेला. आता बायको-मुलंही तिकडेच.

चाचांनी विचारलं, "ही कोणी काढली?"

"मीच की!" मॅडम आनंदाने म्हणाल्या. "लाकूड सुकून चाललं होतं. सगळ्यांना तेल दिलंय. बघा कशा झाल्यात!"

बंड्या शपथेवर सांगतो, त्याने तेव्हाच रिक्षा चालू केली होती. बाईंना एसटी स्टँडवर सोडायला.

सगळं कळल्यावर मॅडमनी चाचांची माफी मागितली आणि एकेक स्टिक परत खुंटीला लावली. इम्रानची मात्र चाचांनी लावू दिली नाही. "लागला ना हात? आता खेळू दे तिलाच." ती एक खुंटी मोकळी राहिली. तिच्यावर नंतर कुणी साधी पिशवीही अडकवली नाही.

*

त्या दिवसापासून चाचा मैदानाकडे पाठ करून बसायला लागले.

यायचं बंद नाही केलं! बरोबर पाचला, थर्मास घेऊन, आपल्या ठरलेल्या जागी. फक्त तोंड मागच्या काजूंकडे. पण चैन पडेल तर ना! दर दोन मिनिटांनी, "काय झालां?"

बंड्या सांगणार, "तेजलने उजवीकडून काढला चाचा, सर्कलमध्ये आली, मारला..."

"मग?"

"गेला बाहेर."

"जायचाच. शिकवतंय कोण!"

एकदा वैतागून बंड्या म्हणाला, "एवढं विचारता, तर वळून बघा की एकदा!"

"मी कशाला वळू? मी काजू बघायला येतो."

त्या वर्षी काजूला मोहोर कधी आला, हे रत्नागिरीत सगळ्यात आधी चाचांना कळलं असणार.

*

कातळावरचं मैदान म्हणजे बारीक खडे. चेंडू सरळ येता येता खड्याला लागतो आणि थेट नाकाशी. आम्ही ते नशिबावर सोडलेलं. मॅडमनी प्रॅक्टिसच्या आधी रोज मुलींच्या हातात खराटे द्यायला सुरुवात केली.

"कोच आणली की झाडूवाली?" सुशीलाताई मोठ्याने म्हणाल्या. ऐकू जावं म्हणूनच.

मॅडम तिथूनच म्हणाल्या, "ताई, चेंडू उडतो तो खड्यामुळं. मग मी पोरीला कशी रागवू? आधी खडा काढते, मग रागावते."

पण तेजलचं झाडणं काही ताईंना बघवेना. तिसऱ्या दिवशी उठल्याच. "असा धरतात खराटा? दे इकडे! घरी पण असाच धरतंस!" चौथ्या दिवशी बंड्या रिक्षातून स्वतःचा खराटा घेऊन आला. पाचव्या दिवशी अख्खी पायरी मैदानावर.

एकटे चाचा काजूंकडे तोंड करून. "काय झालां? आज कोण बोलत कसा नाय?"

"सगळे मैदान झाडतोय चाचा!"

चाचांनी पायाशी पडलेला एक खडा उचलला आणि काजूंच्या दिशेने भिरकावला. "माझा भाग झाला."

*

मीही संशय घेणाऱ्यांतलीच, हे कबूल करायला हवं. मॅडमकडे लॅपटॉप नाही, व्हिडिओ नाही, नुसती शिट्टी. म्हणून मी मान मोडून एक आराखडा तयार केला. बावीस पानं! रंगीत तक्ते, पाच वर्षांची उद्दिष्टं, सगळं.

मॅडमनी सगळी पानं शांतपणे चाळली. "छान लिहिलंयस गं अनघा." मग उलटी करून बघितली. "पाठकोरी आहेत ना?"

इतका राग आला मला! आठवडाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

मग एकदा हजेरी शोधताना ती पानं हाताला लागली. मागच्या बाजूला दर पानावर एका मुलीचं नाव. तेजल: डावा गुडघा जपते, विचारल्याशिवाय सांगणार नाही. फरहीन: आई आजारी, उशीर झाला तर बोलायचं नाही. पावस गावाहून येणाऱ्या दोघींच्या पानांवर: बस चुकली तर थांबायचं. माझ्या बाजूला पाच वर्षांची उद्दिष्टं होती, पण एकाही मुलीचं नाव नव्हतं.

मुली एकवीस. बाविसाव्या पानावर लिहिलं होतं, "दाऊदचाचा." आणि खाली: "कान तयार आहे. विचारायचं कसं?"

*

शेवटी मॅडमनी विचारलंच. पायरीपाशी येऊन चाचांच्या पाठीला म्हणाल्या, "चाचा, तेजलचा फटका बघू नका. नुसता ऐकाल का?"

पाठ हलली नाही. तेजलने मारला. जरा वेळाने काजूंना उद्देशून आवाज आला, "उशिरा मारतंय. चेंडू पायाच्या मागे गेला की आवाज चपटा येतो."

"तेजल, पुन्हा. पायाच्या पुढं."

टक्!

"हां," चाचा म्हणाले.

मग तो रोजचाच शिरस्ता झाला. वीस फटके, वीस निकाल. "चपटा." "बरा." "ही कोण? फरहीन? जेवली नाय काय आज?"

एका मुलीचे वडील पहिल्यांदाच आले होते. त्यांनी हळूच विचारलं, "हे उलटे बसलेत ते कोण?"

"असिस्टंट कोच!" बंड्या म्हणाला.

"गप रे!" चाचा म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

*

मॅडमविरुद्ध सुशीलाताईंचा सगळ्यात मोठा आक्षेप वेगळाच. मॅडम मासे खात नाहीत!

"मासे न खाणारी बाई पळायला काय शिकवणार?" बंदरावर त्यांचं सगळ्यांना विचारून झालं होतं. दर चार दिवसांनी डबा घेऊन यायच्या, "घ्या ना, बांगडा हाय. काटा काढून देते."

मॅडम हात जोडायच्या. "ताई, वास घेतला तरी पोटात कालवतंय. असं करू, लांज्याची मॅच जिंकलो तर खाईन. शब्द!"

त्या दिवसापासून सुशीलाताई देवाला काय सांगत होत्या, ते वेगळं लिहायला नको.

*

मार्चमध्ये लांज्याची मॅच. टेम्पोतून अख्खी पायरी गेली. चाचा तिथेही पाठ करून बसले. लांज्याच्या एका भल्या माणसाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "आजोबा, मॅच तिकडे हाय."

"म्हाईत हाय. तुमच्याकडे काजू बरे आलेत."

आम्ही एका गोलने मागे. शेवटचं मिनिट. सर्कलच्या टोकावर चेंडू आला आणि तेजलने जीव खाऊन मारला. आधी कड्! मग टंग्!

कुणीच काही सांगेना. चाचाच म्हणाले, "पोलला लागला. आणि काठी गेली."

शिट्टी झाली. आम्ही हरलो.

तेजल दोन तुकडे छातीशी धरून खालीच बसली. हरल्याचं रडणं नव्हतं ते. ती चाचांच्या पाठीकडे बघत होती. मॅडम तिच्याजवळ जाऊन मातीतच बसल्या. तिचा डावा गुडघा चोळत राहिल्या.

आणि चाचा वळले.

दहा महिन्यांनी! क्षणभर बघत राहिले. मग उठून, चपला कडेला काढून, मैदान ओलांडून गेले. मॅडम उठायला लागल्या. चाचांनी हातानेच बसा म्हटलं.

"चाचा, इम्रानदादाची..." तेजलने दोन्ही तुकडे पुढे केले.

"रडतंस कशाला गो? खेळताना मोडली ना? खुंटीवर सुकून मोडली असती, तर मी रडलो असतो."

त्या संध्याकाळी मस्कतहून इम्रानचा फोन आला. स्टिक मोडल्याचं ऐकून त्याने एवढंच विचारलं, "कोण ती? इतक्या जोरात मारते?"

"आमची तेजल," चाचा म्हणाले. मग जरा थांबून, "बाईंनी तयार केलेली."

*

येताना टेम्पोत पालीच्या पुढे सुशीलाताईंनी डबा उघडला.

"ताई, आपण हरलोय," मॅडम म्हणाल्या.

"म्हणून तर काढला. हरल्यावर माणसाने उपाशी राहू नये."

मॅडमनी डोळे मिटले आणि घास घेतला. एकवीस मुली श्वास रोखून बघत होत्या. मॅडमनी गिळला. पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "जरा तिखट हवं होतं."

टेम्पोत असा काही ओरडा झाला, की ड्रायव्हरने घाबरून गाडी बाजूला घेतली!

*

एप्रिलअखेर रजा संपली. सेक्रेटरी पायरीवर आले. मॅडमही होत्या. "बोला. काय ठरलं?"

"ठेवा! ठेवा!" सगळे एका सुरात. चाचा गप्प. मैदानाकडे तोंड करून बसलेले, पण गप्प.

"चाचा?"

"आपण ठरवणारे कोण? तिची नोकरी तिकडे, आई तिकडे. तिला कोणी विचारलांत?"

वर्षभर आम्ही मॅडमना तोलत होतो. त्यांना राहायचंय का, हे कुणीच विचारलं नव्हतं.

मॅडम बराच वेळ हातातली शिट्टी फिरवत राहिल्या. "शाळा कायमची सोडायची म्हणजे... आईशी बोलायला हवं. उद्या सकाळच्या गाडीने जाते. शब्द नाही देत."

थर्मासचं झाकण लावून चाचा निघून गेले.

सकाळी आम्ही सगळे एसटी स्टँडवर. मुली, सुशीलाताई, मी. मॅडम सांगलीच्या गाडीत चढल्या, खिडकीशी बसल्या. बॅगेतून त्यांची स्टिक बाहेर डोकावत होती. कंडक्टर दार लावणार तेवढ्यात बंड्याची रिक्षा आत घुसली. चाचा उतरले आणि सरळ गाडीत चढले.

"चाचा, कुठलं तिकीट?" कंडक्टरने विचारलं.

"मी नाय बसत. काठी उतरतेय."

"आणि मॅडम?"

चाचांनी मॅडमसमोर उभं राहून नुसता हात पुढे केला. मागितलं काहीच नाही.

मॅडम त्या हाताकडे बघत राहिल्या. कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला, आणि ओढली नाही. मागचा एक जण म्हणाला, "अहो, चला की!" पुढचा त्याला म्हणाला, "थांब रे."

मग मॅडमनी बॅगेची चेन उघडली, स्टिक बाहेर काढली, एकदा पदराने पुसली आणि चाचांच्या हातात दिली.

गाडी गेली. आम्ही तिथून थेट क्लबच्या खोलीत. चाचांनी इम्रानच्या खुंटीवरची धूळ फुंकली आणि स्टिक अडकवली. ती जरा तिरकी राहिली. सरळ करायला म्हणून बंड्याने हात पुढे केला.

"हात लावू नको!" चाचा ओरडले. "कोणाची हाय, म्हाईत नाय काय?"