मामंजींनी राज्य पणाला लावलं

ज्या घरातल्या पुरुषांची नावं पोथीतून घेतलेली आहेत, त्या घरात सुनेला पोथी वाचायला बसवू नये. बसवलीच, तर मागाहून तक्रार करू नये. एवढं साधं व्यवहारज्ञान माझ्या सासरच्या पुरुषांना नव्हतं आणि खापर मात्र माझ्या डोक्यावर फुटलं. इतकी वर्षं लोटली, पण आठवलं की अजून कानशिलं तापतात.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातली. लग्न होऊन होळी गावातल्या बागायतदारांकडे आले. इथे केळी, विड्याची पानं, फुलं, विहिरीवर रहाट, ओटीवर झोपाळा. आणि घरभर महापुरुष! माझे आजेसासरे पोथीचे वेडे होते. त्यांनी थोरल्या मुलाला, म्हणजे आमच्या मामंजींना, त्या पाच भावांतल्या थोरल्याचं नाव दिलं. पुढे मामंजींनी वडिलांचा कित्ता गिरवला. माझ्या थोरल्या दिरांना गदेवाल्याचं नाव आणि माझ्या नवऱ्याला धनुष्यवाल्याचं. शेवटच्या दोन जुळ्या भावांची नावं ठेवायला मुलं पुरली नाहीत, म्हणून ती रहाटाच्या बैलांना दिली. बैलांची नावं घ्यायची मला पूर्ण मोकळीक होती. बाकीच्या तिघांची नाही. सासरे, थोरले दीर आणि नवरा यांची नावं सुनेच्या तोंडून निघाली की त्यांचं आयुष्य कमी होतं, अशी घरात पक्की समजूत. म्हणजे गोठ्यात मी बोलती आणि माजघरात मुकी.

चातुर्मासात दुपारी आमच्या पडवीत पोथी चाले. आळीतल्या बायका फुलांच्या परड्या घेऊन येत, गजरे ओवता ओवता ऐकत. वाचायला एक म्हातारे गुरुजी येत. त्या वर्षी जुगाराचा अध्याय तोंडावर आला आणि गुरुजी लेकीकडे विरारला गेले ते तिथेच राहिले. सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. वर्षभर त्या एकाच जागेची वाट बघत: राणीला भर सभेत ओढून आणतात आणि ती नवऱ्याला प्रश्न विचारते, ती जागा. गुरुजी दर वर्षी नेमके तिथेच घाई करत. घसा बसला म्हणत, ओव्या गाळत, भराभर पुढे जात. सासूबाईंना तो प्रश्न एकदा तरी सबंध, सावकाश ऐकायचा होता. आणि आता तर वाचणाराच गेला.

"सूनबाई, तू सातवीची फायनल पास ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग बस."

मी बसले. पहिल्याच ओवीत मामंजींचं नाव. मी थांबले.

"काय गो, अक्षर लागत नाही?"

"लागतंय. पन नाव आलं."

"कुनाचं?" शेजारच्या काकी माझी नक्कल करत म्हणाल्या. त्या मोठ्या खट्याळ. सगळ्या आळीच्या बातम्या त्यांच्या परडीत असत.

"मामंजींचं."

बायकांनी पदर तोंडाला लावले. काकींनीच तोडगा काढला. "मग मामंजीच म्हण की! पोथीला काय कळतंय?"

सासूबाईंनी जरा विचार केला आणि मान हलवली. झालं. मी खडा आवाज लावून सुरू केलं. "मामंजी सभेत आले. मामंजींना जुगाराची हौस फार, खेळ मात्र येईना. मामंजींनी रत्नं पनाला लावली, हरले. हत्ती लावले, हरले. मामंजींनी राज्य पनाला लावलं..."

"अगो बाई!" काकी म्हणाल्या. "आणि सासूबाईंना विचारलं नाही?"

"पोथीत नाही तसं."

"पोथीत नसेलच. विचारतंय कोण?"

मग भाऊ पणाला लागले. आधी जुळे. ते बैलांमुळे मला बिनदिक्कत म्हणता आले. मग धनुष्यवाले. तिथे मी खाली मान घालून "हे" म्हटलं. मग गदेवाले, तिथे "भावोजी". चारही भाऊ संपवून मी पोथी मिटली. बायका हसून हसून लवंडल्या होत्या. सासूबाई हसल्या नाहीत. "उद्या तिला आणतील ना सभेत?" एवढंच त्यांनी विचारलं.

रात्री जेवताना ह्यांनी हळूच विचारलं, "आज माझं काय झालं?"

"हरलात."

"कुणी हरवलं?"

"मामंजींनी."

हे ताटातल्या भातात तोंड घालून हसले. हसू दे बापडे. त्यांचं काय जात होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी केळीचे घड घेऊन पापडीच्या बाजारात गेले. काकींची परडी त्यांच्या आधी पोचली होती. पहिल्याच गाळ्यावर कुणी तरी म्हणालं, "शेट, राज्य गेलं म्हणतात काल?" पुढच्या गाळ्यावर, "पोरं पण हरलात? बैल तरी ठेवायचे होते, रहाट कोण ओढणार?" मामंजी घड तसेच टाकून परत आले. तडक ओटीवर चढले आणि थोरल्या दिरांना हाक मारली.

थोरले दीर म्हणजे घरचे विद्वान. मुंबईत दोन वर्षं शिकून आलेले. शुद्ध बोलायचे, आणि दुसरा अशुद्ध कधी बोलतो याची मांजरासारखी वाट बघायचे. सासूबाई आणि मी माजघराच्या दाराआड उभ्या होतो.

"हा पोथीचा अपमान आहे," भावोजींनी निकाल दिला. "पुराणातली नावं संस्कृत आहेत. एकेका अक्षराला तेज आहे. ती शुद्ध उच्चारली तर पुण्य, बदलली तर पाप. ही तर बदलूनच टाकते. शिवाय उच्चार काय तिचे! बान, रन, प्रान! पोथी वाचतेय की खाडीत होडी वल्हवतेय?"

आता माझ्या माहेरच्या जिभेवर ण बसत नाही, हे खरं. आमच्याकडे पानीच म्हणतात, आणि तहान त्यानंही भागते. त्या घरात दाराआडून बोलण्याची रीत नव्हती, पण माझ्या तोंडून निघून गेलं, "बाण म्हना नाहीतर बान, लागायचा तिथेच लागतो!"

 ओटीवरून मामंजींचा आवाज आला. "सांगा तिला. नावांवाचून पोथी वाचायची नाही."

सासूबाई दाराआडून म्हणाल्या, "म्हणजे नावं घेतलेली चालतील?"

"घ्यायची तर मुळीच नाहीत!"

घ्या! म्हणजे नाव गाळलं तर पोथीचा अपमान आणि घेतलं तर घराचा. मी करायचं तरी काय? संताप संताप झाला माझा. ह्यांचं नाव मासळीवाली वाडीच्या बांधावरून ओरडे. स्टेशनावरचा हमाल ओरडे. शेजारची शेंबडी पोरं 'काका'सुद्धा न लावता ओरडत. एवढ्या तोंडांनी ह्यांचं आयुष्य तसूभर कमी झालं नाही; माझ्या एका जिभेत तेवढं विष! आणि लग्नात? "नाव घे, नाव घे" म्हणून मांडवातल्या झाडून सगळ्या माझ्या मागे लागल्या होत्या. तेव्हा मी उखाण्यात नाव घेतलं, धनुष्यवाल्याचंच घेतलं, आणि हे तिथेच बसून श्रीखंड खात होते. यमक जुळलं की आयुष्य शाबूत राहतं, असं काही शास्त्र आहे का? भावोजींना विचारायला हवं होतं. विचारलं नाही, याची चुटपुट अजून आहे.

पोथी तांबड्या फडक्यात बांधून फळीवर गेली. राणी अजून दाराबाहेरच होती. पुढचे काही दिवस दुपारी बायका येत, परड्या मांडत, फुलं ओवत आणि जात.  सासूबाई पोथीच्या रिकाम्या पाटासमोर बसत आणि त्याच्याकडे बघत. मला वाटलं, संपलं आता. गुरुजींनी निदान घाईघाईत का होईना, राणीला सभेत आणलं असतं.

मग एका दुपारी मामंजी जेवून झोपाळ्याकडे निघाले, तेव्हा सासूबाई पडवीच्या दारात उभ्या राहिल्या.

"अहो, इकडे बसायचं."

"मी? बायकांत?"

"तुमचं नाव मी घ्यायचं नाही, हिनं घ्यायचं नाही. आणि पोथीत तर ते पावलोपावली आहे. मग तुमचं तुम्हीच घ्या. शुद्ध घ्या. पुण्य लागेल."

मामंजींनी इकडेतिकडे पाहिलं. भावोजी ओटीवरून ऐकत होते.  सासूबाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "पोरांची नावं मी घेईन. मी ठेवलेली नसली तरी पोरं माझीच आहेत."

असं आमचं वाचन सुरू झालं. ओवी मी वाचायची, नाव आलं की थांबायचं. मुलांचं असेल तर सासूबाई म्हणत, मामंजींचं असेल तर मामंजी. पुन्हा पहिल्यापासून वाच, असं सासूबाईंनी बजावलं होतं. सुरुवातीला मामंजी रंगात आले. घसा खाकरून, मांडीवर थाप मारून, एकेक जोडाक्षर दणक्यात म्हणत. मी म्हणे, "रत्नं पनाला लावली कुनी?" ते ठणकावून आपलं नाव सांगत. "आनि हरलं कोन?" पुन्हा नाव, पण मांडीवरची थाप नाही. राज्य गेलं तेव्हा आवाज उतरला. भाऊ गेले तेव्हा ते पानाच्या डब्यातली सुपारी शोधू लागले.

"मग स्वतःच स्वतःला पनाला लावून हरला," मी वाचलं आणि थांबले.

मामंजी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं," काकी म्हणाल्या.

"आनि मग बायकोला पनाला लावलं..." मी थांबले. 

"घ्या नाव," सासूबाई म्हणाल्या.

"सगळ्यांना ठाऊक आहे की."

"मग घ्यायला काय होतं?"

त्यांनी घेतलं. अगदी सुपारी चघळत घेतात तसं.

राणी सभेत आली. केस मोकळे, डोळ्यांत आग. मी श्वास घेतला. ज्या ओवीपाशी गुरुजींचा दर वर्षी घसा बसे, ती ओवी आली. तिच्या पहिल्याच चरणात ती नवऱ्याला नावानं हाक मारते. मी थांबले. मामंजी बोलेनात. मी त्यांच्याकडे बघेना, काकीसुद्धा सुईकडे बघू लागल्या. सासूबाईंनी वाट पाहिली. बरीच पाहिली.

आणि मग त्या म्हणाल्या. नवऱ्याचं नाव, स्वतःच्या तोंडानं.

लग्न झाल्यापासून ते नाव त्यांनी सगळ्या जगाच्या तोंडून ऐकलं होतं, पण त्यांच्या जिभेला त्याची सवय कुठली? आणि नाव तरी केवढं अवघड! मधे ते ष आणि ठ एकमेकांच्या खांद्यावर बसलेले. त्या पहिल्या अक्षरावर नीट चढल्या, दुसऱ्यावर चाचपडल्या, जोडाक्षरापाशी थांबल्या, मागे आल्या, पुन्हा धरलं आणि शेवटचा र पार करून बाहेर पडल्या. ओल्या बांधावरून डोक्यावर हंडा घेऊन जावं तसं. थेंब सांडला नाही असं नाही. पण हंडा पोचला.

"ओ," मामंजी म्हणाले.

शाळेत हजेरी घेताना मुलं देतात तशी, चटकन, विचार न करता ओ दिली त्यांनी. दिल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि ते लालेलाल झाले. बायकांपैकी कुणी हसलं नाही. ओटीवर भावोजी उभे राहिले होते. वडिलांच्या अंगावर वीज पडते की काय, हे बघत असावेत. ती पडली नाही. मामंजी चांगले धडधाकट पोथीच्या पाटाशेजारी बसले होते.

"वाच गो," सासूबाई मला म्हणाल्या. "सावकाश वाच. एक अक्षर गाळू नको."

मी वाचलं. आधी स्वतःला हरलास की मला? जो स्वतःच दुसऱ्याचा झाला, तो मला कसा पनाला लावतो? माझे सगळे न तिथे होते. मी एकही लपवला नाही. भावोजींनी एकही टोकला नाही. प्रश्न संपला तेव्हा सासूबाईंनी डोळे मिटले होते.

मामंजींना राहवेना. त्यांनी प्रथमच थेट मला विचारलं, "मग तो काय म्हणाला?"

"काही नाही, मामंजी. मान खाली घालून गप्प बसले."

सासूबाईंनी डोळे उघडले आणि सुईत नवा दोरा ओवत म्हणाल्या, "एवढं नावानं विचारलं, तरी?"

मामंजी उठले आणि घाईघाईनं टोपी शोधू लागले. टोपी डोक्यावरच होती.