रेडिओचा गळा

सलूनच्या पाटीवर त्याचं नाव होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर आली नाही. सगळी गल्ली त्याला रेडिओच म्हणायची. सकाळी शटर वर गेलं की तो सुरू व्हायचा आणि संध्याकाळी शटर खाली आल्याशिवाय बंद पडायचा नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड बांधलं, की त्या माणसाचे हात आत आणि रेडिओचं तोंड बाहेर, अशी व्यवस्था होती. उठून जायची सोय नाही. मान हलवावी तर वस्तरा मानेवर. एकवीस वर्षं लोकांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, ते असं.

दुकानात खुर्च्या दोन. पहिली त्याची. दुसरीवर त्याचा जुना कारागीर, ज्याला लोक मौनीबुवा म्हणत. मौनीबुवाचा दिवसाचा शब्दसाठा तीन वाक्यांचा होता: "बसा", "मान खाली" आणि "झालं". घाईत असलेली माणसं त्याच्या खुर्चीची वाट बघत, आणि रेडिओ समजायचा की त्यांना आपल्या खुर्चीवर बसायचा संकोच वाटतो.

रेडिओला एक गोष्ट मात्र खरंच यायची. त्याच्या बोटांना डोळे होते. एका बँकवाल्याच्या कानामागची गाठ त्यानेच हेरली होती आणि एका टॅक्सीवाल्याच्या टाळूवरचा तीळ रंग बदलतोय हेही त्यानेच सांगितलं होतं. दोघं वेळेवर डॉक्टरकडे गेले, दोघं वाचले. रेडिओ ही हकीकत रोज सांगायचा. स्वतःची दाढी मात्र तो सकाळी शटर उघडायच्या आधी तीन मिनिटांत, चुलीवर काहीतरी करपतंय अशा घाईने उरकायचा. समोर भिंतभर आरसा होता, पण त्या आरशात तो एकवीस वर्षं दुसऱ्यांचेच चेहरे बघत आला होता.

त्यामुळे स्वतःच्या गळ्यातली गाठ त्याला दिसली नाही. ती दिसली खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला. ते होते घशाचे डॉक्टर, महिन्यातून एकदा येणारे. रेडिओ मंत्र्याच्या मिशीची गोष्ट सांगत होता. एका मंत्र्याची मिशी एका बाजूने चुकून जास्त कापली गेली, तेव्हा रेडिओ त्याला म्हणाला, "साहेब, आता दोन्ही पक्षांना समान न्याय द्यावा लागेल." डॉक्टरांनी ही गोष्ट अकरा वेळा ऐकली होती. बाराव्या वेळी, ऐन मिशीवर आल्यावर, ते आरशात बघत म्हणाले, "थांबा जरा."

"का? लागलं का कुठे?"

"थुंकी गिळा बघू."

रेडिओने गिळली.

"पुन्हा एकदा. हनुवटी वर करून."

डॉक्टरांनी कापडाखालून हात काढला आणि आपल्या न्हाव्याची मान चाचपली. दुसऱ्या खुर्चीवरचा माणूस मान वळवून बघू लागला. मौनीबुवाने ती परत सरळ केली.

"उद्या दवाखान्यात या," डॉक्टर म्हणाले. "आणि आता अर्धी राहिलेली दाढी तेवढी पूर्ण करा."

मग सुया झाल्या, सोनोग्राफी झाली, रिपोर्ट आले. गळ्यातली ती फुलपाखरासारखी ग्रंथी, थायरॉइड, तिच्यात गाठ होती आणि गाठीत कर्करोग. "पण हा वाईटांतला सज्जन आहे," डॉक्टर समजावत म्हणाले. "सावकाश वाढतो, लवकर सापडलाय. पूर्ण ग्रंथी काढून टाकू."

"आणि तिचं काम कोण करणार?"

"गोळी. रोज एक. कायमची."

रेडिओची बायको टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. रांगेतला माणूस कितीही घाबरलेला असला तरी ती आधी विचारायची, "साधं की रजिस्टर?" तिने डॉक्टरांना तसंच विचारलं, "किती दिवस, किती टाके, काय खायचं नाही?" घरी येऊन तिने सगळं एका कागदावर उतरवलं आणि तो कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला. रेडिओ त्या दिवशी एवढंच म्हणाला, "लोकांचे गळे हातात घेऊन मी जगलो, आणि आता माझा गळा लोकांच्या हातात."

"डॉक्टरांच्या हातात," बायकोने दुरुस्ती केली. "आणि अहो, ते तुमच्या हातात दर महिन्याला गळा देत होतेच की."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी वॉर्डातला ब्रदर गळा आणि छाती साफ करायला आला. त्याच्याकडे एक प्लास्टिकचा रेझर होता, साबण नव्हता आणि केसांच्या उलट्या दिशेने सुरुवात करायचा इरादा होता. रेडिओ उठून बसला.

"दादा, असं नाही करत. हे शेत नव्हे नांगरायला."

त्याने गरम पाणी मागवलं, हाताने फेस केला आणि स्वतःच स्वतःला साफ केलं, शक्य तितक्या संथपणे. एवढ्यावर थांबला असता तर तो रेडिओ कसला? शेजारच्या पलंगावर हर्नियाचा रुग्ण होता, त्याचीही हजामत याने करून दिली. मग ब्रदरचे कल्लेही समान केले. स्ट्रेचर आलं तेव्हा तो त्या दोघांना मिशीची गोष्ट सांगत होता. ती अर्धीच राहिली. भूल द्यायच्या खोलीत नेईपर्यंत तो बोलत होता असं म्हणतात.

शुद्धीवर आला तेव्हा त्याने पाणी मागितलं. निदान त्याला तसं वाटलं. बाहेर जे आलं ते जुन्या फाटकाच्या बिजागरीचं कुरकुरणं होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, कोण बोललं म्हणून.

डॉक्टर म्हणाले, गाठ पूर्ण निघाली. आवाजाची नस शाबूत आहे, फक्त दमली आहे. तीन महिने, कदाचित सहा. तोवर कमी बोला.

"किती कमी?" त्याने कागदावर लिहून विचारलं.

डॉक्टरांनी शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. तिने खिडकीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि काळजीच्या मागे, रांग संपल्यावर खिडकीवरच्या माणसाला जसं वाटतं, तसं काहीतरी होतं.

घरी नवा कायदा लागू झाला. उठल्याबरोबर उपाशीपोटी पाण्याबरोबर थायरॉइडची गोळी. पुढे तासभर चहा नाही. कॅल्शियमच्या गोळ्या दिवसातून तीनदा, पण त्या आणि या गोळीत चार तासांचं अंतर, कारण दोघींचं एकमेकींशी पटत नाही. आयुष्यभर डोळे उघडायच्या आधी चहा पिणारा माणूस आता सकाळी तासभर रिकाम्या कपासारखा बसू लागला. त्या तासात त्याला कळलं की बायको रोज कामावर जायच्या आधी बाल्कनीत बसून एकटीच शब्दकोडं सोडवते. बावीस वर्षांच्या संसारात ही बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली नव्हती. त्याने शेजारी बसून एका शब्दावर बोट ठेवलं आणि कुरकुरत्या आवाजात उत्तर सांगितलं. ते बरोबर होतं. तिने पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "तुम्ही आत पडा बघू जरा. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय."

दहाव्या दिवशी टाके सुकले. गळ्यावर बारीक लाल रेघ उरली, कुणीतरी वहीत चुकलेला शब्द खोडावा तशी. विसाव्या दिवशी त्याला इतकं बरं वाटू लागलं की खडूच्या चवीच्या त्या कॅल्शियमच्या गोळ्या त्याने परस्पर बंद केल्या. बायकोला सांगितलं नाही. बरा झालेला माणूस औषध कशाला खाईल, असा साधा हिशेब.

आणि चौथ्या आठवड्यात तो दुकानात गेला.

दारातच त्याला आवाज ऐकू आला. "...तेव्हा मी म्हटलं, साहेब, आता दोन्ही पक्षांना समान न्याय!" दुकान हसून हसून कोसळलं. बाकावर बसलेले चारही जण मांड्या थोपटत होते. मौनीबुवा वस्तरा पुसत होता, चेहऱ्यावर नम्र भाव.

रेडिओ दारात खिळला. गोष्ट त्याची, मिशी त्याची, मंत्री त्याचा. मौनीबुवा ती निम्म्या वेळात सांगत होता आणि दुप्पट हशा वसूल करत होता. यालाच केसाने गळा कापणं म्हणतात, असं त्याला ओरडायचं होतं. पण गळ्यातून नुसती हवा आली.

"शेठ!" मौनीबुवाने त्याला पाहिलं आणि वरमला. "तुम्ही नव्हता ना. गिऱ्हाइकांना सवय झालेली. गप्प बसलो तर म्हणायचे, दुकानात कुणी गेलंय का. मग काय करणार? एकवीस वर्षं ऐकलेलं होतं, तेच काढलं."

रेडिओने हात धुतले आणि आपल्या खुर्चीमागे उभा राहिला. निवृत्त हेडमास्तर पुढे आले. त्यांनी त्याच्या गळ्यावरची रेघ पाहिली, मग त्याच्या हातातला वस्तरा पाहिला, आणि शाळेत चाळीस वर्षं कमावलेल्या धैर्याने बसले.

ओठांभोवती सकाळपासून मुंग्या येत होत्या. थंडी असेल, असं त्याने मनाला सांगितलं होतं. डावा गाल झाला. उजव्या गालावर वस्तरा टेकवला आणि त्याची बोटं एकमेकांना चिकटली. मनगट आत वळलं. हात चिमटीत मीठ धरल्यासारखा आखडला, आणि त्या चिमटीत वस्तरा. उघडेना. त्याने बोटांना हुकूम दिला, विनवणी केली. हात जणू दुसऱ्याचाच.

"थांबलात का?" हेडमास्तरांनी डोळे मिटूनच विचारलं.

त्याने तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. मौनीबुवाने मान वळवली, पाहिलं, आणि एका झेपेत येऊन त्याचं मनगट धरून वस्तरा गालापासून दूर नेला. एकेक बोट उघडून पातं सोडवलं. हेडमास्तरांना ओरखडाही नाही. ते उठले, अर्ध्या फेसानिशी, आणि म्हणाले, "रिक्षा मी आणतो."

दवाखान्यात त्याच्या शिरेतून सावकाश कॅल्शियम चढवलं. बोटं हळूहळू माणसात आली. डॉक्टर चिडले होते. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात, आणि ऑपरेशननंतर त्या काही काळ रुसतात, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. "त्या रुसव्यात गोळी बंद करायचा सल्ला कुणी दिला?"

रेडिओने स्वतःकडे बोट दाखवलं.

बायको कचेरीतून तशीच आली होती. ती ओरडली नाही. खिडकीवरच्या आवाजात म्हणाली, "अहो, तुम्ही जगाला मानेतल्या गाठी दाखवता. कपाटातला कागद तेवढा दिसला नाही?"

महिनाभर वस्तरा बंद. मग दोन आठवडे सराव. सराव म्हणजे शिकाऊ लोक करतात तोच: फुगा फुगवायचा, त्याला फेस लावायचा आणि तो न फोडता हजामत करायची. एकवीस वर्षांचा उस्ताद जेवणाच्या टेबलावर फुग्यांच्या दाढ्या करत बसला. पहिल्या दिवशी तीन फुटले. शेजारची बाई काय झालं म्हणून विचारायला आली. बायकोने दार किलकिलं करून सांगितलं, "काही नाही, कामाची तयारी चाललीय." आठव्या दिवशी सातच्या सात फुगे शाबूत राहिले. हेडमास्तरांनी निरोप पाठवला होता की उजवा गाल बाकी आहे. ते आले, बसले, आणि या वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले.

गोळीचा डोसही एका फटक्यात बसला नाही. आधी कमी पडला. भर उन्हात स्वेटर, जिन्याच्या चौथ्या पायरीवर धाप, आणि कंगव्यात स्वतःच्या केसांचा पुंजका, म्हणजे न्हाव्याच्या घरात फुकटचं टक्कल. डोस वाढवला, तर छाती धडधडू लागली. सहा-सहा आठवड्यांनी रक्त तपासत पाचव्या महिन्यात कुठे ताळमेळ लागला. आवाजही आला, पण निम्माच. दुपारनंतर तो संपायचा. म्हणून रेडिओ आता कोणतं वाक्य खर्चायचं ते निवडू लागला. गंमत अशी, की निवडून उरलेली बरीचशी वाक्यं सांगितली नाहीत तरी कुणाचं काही अडत नव्हतं. हे कळल्यावर त्याला दोन दिवस वाईट वाटलं.

वर्षाच्या शेवटी डॉक्टरांनी एका माणसाला त्याच्याकडे पाठवलं. कापडाच्या दुकानातला विक्रेता, तेच ऑपरेशन, येत्या मंगळवारी. तो खुर्चीत बसला आणि आरशातून रेडिओच्या गळ्याकडे बघत राहिला. रेडिओने शर्टाचं वरचं बटण काढलं.

"बघ नीट. हात लाव हवं तर."

त्याने बोट फिरवलं. "दुखतं?"

"आता नाही. थंडीत ओढल्यासारखं होतं."

"माझं सगळं काम बोलण्याचं आहे हो. आवाज परत येतो ना, पहिल्यासारखा?"

खोटं बोलणं सोपं होतं. बाकावरचे सगळे कान टवकारून बसले होते.

"माझा येवढाच आलाय," तो म्हणाला. "तुझा कदाचित पूर्ण येईल. पण कॅल्शियम सोडू नकोस. मी सोडलं होतं, मूर्खपणा."

मग त्या माणसाने बोलायला सुरुवात केली. मुलीची शाळा, बायकोची चिंता, दुकानातला मालक, मध्येच रडणं, नाक ओढणं, पुन्हा मुलगी. पाऊण तास. रेडिओ कात्री चालवत ऐकत राहिला. केस कधीच कापून झाले होते, तरी तो उगाच कडा सारख्या करत होता.

माणूस गेल्यावर त्याने खुर्ची झटकली. दुपारी त्याची स्वतःची वार्षिक तपासणी होती. डॉक्टरांनी मान चाचपली, रिपोर्ट उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, ठीक आहे, डोस तोच, आता सहा महिन्यांनी या. बायकोने तिथेच तारीख लिहून घेतली. दोघं बसस्टॉपवर आली, तेव्हा बसला वीस मिनिटं होती. तिने पिशवीतून शब्दकोडं काढलं आणि जरा सरकून त्याला अर्धा कागद दिसेल असं धरलं.